पट्ट्याची दोन टोकं

पनवेलला संध्याकाळी वडाळे तलावाकडच्या रस्त्याला लागलं, की एक दृश्य हमखास दिसतं: पट्ट्याच्या एका टोकाला लॅब्रेडॉर, दुसऱ्या टोकाला फरफटत येणारे साहेब. कोण कुणाला फिरवतंय, हे विचारायचं नसतं.

शास्त्र तसं सोपं. पट्टा ताणला की जागीच थांबायचं, सैल झाला की निघायचं. ओढून काही मिळत नाही, हे कुत्र्याला आपोआप उमगतं. सुरुवात घरात, मग सोसायटीच्या आवारात, गर्दी शेवटी. आमचे साहेब मात्र पहिल्याच दिवशी थेट वडापावच्या गाडीपुढे. पलीकडे गल्लीतली भटकी मंडळी गुरगुरत उभी, मधून रिक्षा सुसाट. ‘सिट! सिट! अरे सिट ना राजा!’ सातदा ओरडलं की कुत्रा एकच धडा घेतो: आधीच्या सहा हाका मोजायच्या नसतात.

तरी तो बिचारा बसतो. लाळ गळतेय, नजर वड्यावर, पण बूड हलत नाही. बक्षीस याच क्षणी द्यायचं असतं. उशीर झाला, की ते कशाबद्दल मिळालं हे त्याला कळत नाही. नेमका तेव्हाच साहेबांचा मोबाईल वाजतो. बोलता बोलता दोन वडापाव साहेबच संपवतात. डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय, पण मोह आवरायचा तो कुत्र्यानं!

उठताना कुत्रा रस्त्याच्या कडेला आपला कार्यभाग उरकतो. साहेब आभाळ न्याहाळतात.

पनवेलची २०१६ साली महानगरपालिका झाली, साहेब. आता खिशात एक पिशवी तरी ठेवा.