नानांचा कुकर

नाना महत्त्वाचं बोलायच्या आधी मोबाईल कुकरमध्ये ठेवतात. तुमच्याकडचे नाना फ्रीजमध्ये ठेवत असतील, पण एक नाना तुमच्याकडेही आहेत हे मी धरूनच चालतो. "ते ऐकतात," एवढंच म्हणून ते झाकण फिरवतात, वर शिट्टीसुद्धा बसवतात आणि खुर्ची पुढे ओढतात. आता तुमची धडगत नाही.

नाना ठासून कधीच काही सांगत नाहीत. "मी काही म्हणत नाही. तू शिकलेला आहेस, तूच विचार कर." निम्मी माणसं इथेच गळाला लागतात, शिकलेला म्हटल्यावर उठून कोण जाणार? मग दुधात भेसळ असते की नाही? असते. सरकारं खोटं बोलतात की नाही? बोलतात. तिसऱ्यांदा मान डोलावेपर्यंत तुम्ही थेट चंद्रावर पोचता, म्हणजे तिथे कोणी पोचलंच नव्हतं इथपर्यंत.

"1969 साली हवा नसताना झेंडा फडकला कसा?"

"वरच्या कडेला आडवी दांडी होती, नाना."

"दांडीचं तुला कोणी सांगितलं?"

"नासानं."

नाना नुसते हसतात. अपोलो-11 उतरलं त्या जागेचा फोटो आपल्या चांद्रयान-2 च्या ऑर्बिटरनं काढलाय म्हटलं, की मात्र पंचाईत होते. कारण चांद्रयान-3 उतरलं तेव्हा अख्ख्या बिल्डिंगीला पेढे नानांनीच वाटले होते. थोडा वेळ शांतता. मग, "इस्रोला भीड पडली असेल."

गोची अशी, की नानांचे सगळे पुरावे मोबाईलमध्ये आणि मोबाईल कुकरमध्ये. झाकण काढायचं, फॉरवर्ड दाखवायचा, झाकण लावायचं. रिंग पार सैल झाली आहे. "अहो, मला वरण लावायचंय," असं नानी ओट्यापाशी उभ्या राहून बजावत असतात. एकदा व्हिडिओ चालू असतानाच झाकण लागलं. जगावर राज्य करणाऱ्या तेरा घराण्यांची नावं कोणी गृहस्थ आतून घुमत्या आवाजात सांगत राहिले. नानी म्हणाल्या, "तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा."

2016 साली दोन हजाराच्या नोटेत चिप असल्याची हूल उठली. जमिनीखाली 120 मीटरवर पुरली तरी म्हणे सिग्नल देते. नानांना मिळालेली पहिली नोट कुठे गेली, हे सांगायला नको. सरकारनं इन्कार केला. "करणारच!" मे 2023 मध्ये त्या नोटा चलनातून काढून घ्यायचं जाहीर झालं, तेव्हा नानांचा विजयी फोन आला, "चिपा गोळा करतायत!"

वाद घाला, नाना चिडत नाहीत. त्यांना तुमची कीव येते. "पुरावा नाही म्हणतोस? अरे, ते पुरावा मागे ठेवतील का? न सापडणं हाच पुरावा."

असल्या माणसाला टाळावं, तर तेही जमत नाही. 2021 च्या लाटेत मी तापानं पडलो होतो, सोसायटीतले लोक माझ्या दाराकडे बघायलाही तयार नव्हते. कोरोना हे थोतांड आहे असं वर्षभर पटवणारे नाना दोन मास्क चढवून स्कूटरवरून आले आणि वरणभात कुकरसकट दाराशी ठेवून गेले. "आहे असं मी म्हणत नाही," जिन्यातून ओरडले, "पण वाफ घे." पोरगी परदेशात, जुने सोबती एकेक करून कमी झालेले. फॉरवर्डखाली दोन निळ्या खुणा उमटल्या की आपलं कोणीतरी ऐकलं, एवढं त्यांना कळत असावं.

तशी संशयाची नोकरीच त्यांनी केली. नाना ऑडिटर होते. नानींनी सांगितलं, एका कालव्याच्या कामात सिमेंटच्या गोण्या नोंदवहीत होत्या, कालव्यात नव्हत्या. नानांनी लाल शाईत शेरा मारला. फाईल वर गेली ती गेलीच, आणि पाठोपाठ नानांची बदली झाली.

परवा मी मुद्दाम विषय काढला. "नाना, ते सिमेंटचं का नाही कधी फॉरवर्ड करत? कट तर तो खरा होता."

मोबाईल टेबलावर उघडाच पडला होता. नानांनी एकदा त्याच्याकडे बघितलं.

"असं कसं कोणाचं नाव घ्यायचं?" ते म्हणाले. "पुरावा नको का?"