हायब्रीडचं पीक आणि बोईसरची बस

मराठी माणसाला 'हायब्रीड' हा शब्द बसने शिकवला नाही, ज्वारीने शिकवला. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित वाण आलं, देशावरच्या शिवारांत बुटकी, भरगच्च कणसं उभी राहिली, आणि घरोघरच्या म्हाताऱ्यांना पुढच्या पिढीला नावं ठेवायला एक कायमचा शब्द मिळाला. पोरगं जिना चढताना धापलं की आजोबा म्हणणार, "हायब्रीड खाऊन वाढलेलं, दुसरं काय व्हायचं!" पीक भरपूर, कस कमी, असा त्या शब्दाचा लौकिक. सरकारदरबारी 'हायब्रीड बस' हे नाव पहिल्यांदा घेतलं गेलं तेव्हा कुणी आजोबा हजर असते, तर पुढचं सगळं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं असतं.

यात तंत्रज्ञानाचा दोष काडीचा नाही. साधी बस ब्रेक दाबते तेव्हा तिचा वेग उष्णतेच्या रूपाने वाया जातो, म्हणजे महागाचं डिझेल जाळून मिळवलेली गती ब्रेकच्या लायनरला वाहिली जाते. हायब्रीड बसमध्ये डिझेल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते. बस हळू होताना तीच मोटर उलटी वागून वीज तयार करते, ती बॅटरीत साठते आणि पुन्हा निघताना कामाला येते. इंधन ३० टक्क्यांच्या आसपास वाचतं, असं बनवणारे सांगतात. पण ही बचत होण्यासाठी बसला वारंवार थांबावं लागतं. मोकळ्या महामार्गावर हायब्रीडचा फारसा उपयोग नाही. तिला लागतो खड्डा, गतिरोधक, आडवी गाय, उलट्या बाजूने येणारा टेम्पो आणि मध्येच दार उघडणारी इको गाडी.

थोडक्यात, तिला बोईसर लागतं.

नवापूर नाक्यापासून चित्रालयपर्यंतच्या रस्त्यावर ब्रेक दाबायला निमित्त शोधावं लागत नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीची पाळी सुटते त्या वेळी तर या पट्ट्यात जेवढे ब्रेक दाबले जातात, त्यांची वीज कुणी गोळा केली असती तर शेजारच्या अणुवीज केंद्राला एखादा दिवस सुट्टी देता आली असती. खड्डा हा अपारंपरिक ऊर्जेचा स्रोत आहे आणि त्याबाबतीत पालघर जिल्हा स्वयंपूर्ण आहे, एवढं एक वाक्य कुणा अभियंत्याने प्रस्तावात घातलं असतं, तर पहिली हायब्रीड बस बोईसरलाच आली असती.

ती गेली वांद्रे-कुर्ला संकुलात. एमएमआरडीएने टाटांकडून घेतलेल्या २५ वातानुकूलित हायब्रीड बस मार्च २०१८ मध्ये तिथे सुरू झाल्या आणि त्या चालवायचं काम बेस्टकडे आलं. काचेच्या इमारतींच्या मुलखात काचेची बस शोभून दिसली. फक्त वांद्रे स्टेशनाबाहेर शेअर रिक्षांची जी रांग आहे, तिला या घटनेची वार्ता लागली नाही. कचेरीचा माणूस नेहमीसारखा तिघांत चौथा होऊन रिक्षात कोंबला गेला आणि संकुलात पोहोचून हवामान बदलावरच्या बैठकीला बसला. त्याआधी नवी मुंबईच्या परिवहन उपक्रमाने व्होल्वोच्या पाच हायब्रीड बस घेतल्या होत्या. पाच आणि पंचवीस मिळून तीस. लग्नाच्या वऱ्हाडाला एवढ्या पुरतात. महानगराला नाही.

दिल्लीने तर हायब्रीडची पायरी आधीच दाखवून ठेवली होती. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'फेम' योजनेच्या इंग्रजी पूर्ण नावात 'हायब्रीड' हा शब्द आहे, पण कंसात. विजेची वाहनं मुख्य ओळीत आणि हायब्रीड कंसात, लग्नपत्रिकेत लांबच्या आत्याला बसवतात तशी. एप्रिल २०१९ ला योजनेचा दुसरा टप्पा आला, १० हजार कोटींचा. त्यात ७,०९० बसना मदत द्यायचं ठरलं आणि त्या सगळ्या निव्वळ विजेच्या. नावातला कंस तसाच राहिला. बसला मात्र त्यात जागा उरली नाही.

परदेशातही हायब्रीडची काही फार वेगळी कथा नाही. लंडनने २०१२ मध्ये मोठ्या थाटात आपली नवी दुमजली हायब्रीड बस रस्त्यावर आणली. दिसायला राजबिंडी, पण वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडत नव्हत्या, त्यामुळे उन्हाळ्यात प्रवासी भाजून निघू लागले. पुढे २०१५ मध्ये उघड झालं, की बऱ्याच बसच्या बॅटऱ्या रुसल्या आहेत आणि त्या मुकाट्याने नुसत्या डिझेलवर धावताहेत. साहेबाचं हायब्रीडही शेवटी आजोबांच्या व्याख्येत बसलं म्हणायचं. फरक इतकाच, की त्या बसची खिडकी उघडत नव्हती तरी बस येत होती.

आता बोईसरकडे या. विकासाने या गावावर केलेलं प्रेम पाहिलं की ऊर भरून येतो. १९६९ पासून शेजारी तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आहे. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावंच्या गावं उठली आणि त्या भट्ट्या २००५-०६ च्या सुमारास चालू झाल्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या. थोडं वर डहाणूजवळ वाढवणला महाबंदर होतंय. त्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पालघरला येऊन केली. शिवाय मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या बारा स्थानकांत बोईसर आहे. ही गाडी वांद्रे-कुर्ला संकुलातून सुटणार, म्हणजे जिथे हायब्रीड बस गेली तिथूनच, आणि ताशी ३२० किलोमीटरच्या वेगाने बोईसरला येणार. प्रवासी उतरेल, जपानी पद्धतीच्या फलाटावरून चालत बाहेर येईल आणि समोर आरोळी ऐकेल, "चला, टेशन-टेशन, एक सीट, एक सीट!" ही 'एक सीट' तीन माणसं बसल्यावरही एकच उरलेली असते. गणितात याला अनंत म्हणतात, बोईसरला टमटम.

आणि हवा? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या १०० औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा तारापूर ९३.६९ गुण मिळवून पहिलं आलं. दहावीच्या निकालात एवढे गुण पडले असते तर नाक्यावर फ्लेक्स लागला असता, खाली शुभेच्छुकांचे वीस फोटो. इथे गुणवंताचा सत्कार कुणी केला नाही. त्याआधीच, २०१६ मध्ये, किनाऱ्यावरच्या मांगेला समाजाच्या परिषदेने हरित न्यायाधिकरणाचं दार ठोठावलं होतं, कारण कारखान्यांचं पाणी खाडीत आणि समुद्रात जात होतं आणि मासे मरत होते. अशा हवेत एका डिझेल बसचा धूर म्हणजे खारट समुद्रात चिमूटभर मीठ. उलट बसच्या धुराला निदान ओळखीचा वास असतो, असं रात्री वसाहतीच्या बाजूने जाणारे लोक सांगतात.

म्हणून की काय, बोईसरने हायब्रीडसाठी सरकारची वाट पाहिली नाही, स्वतःची तयार केली. तिचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार एसटीचा. हिला डिझेल आणि माणूस अशी दोन इंधनं लागतात. थंडीच्या पहाटे स्टार्टर नुसताच कण्हला की कंडक्टर मागे वळून म्हणतो, "चला हो, जरा उतरा चार-पाच जण." चार-पाच जण उतरतात, खांदा लावतात, गाडी हलते, इंजिन खोकतं आणि पेटतं. हायब्रीडच्या पुस्तकात हेच लिहिलंय की निघताना जी ताकद लागते ती डिझेलकडून न घेता दुसऱ्या स्रोताकडून घ्यावी. इथला दुसरा स्रोत डबा घेऊन पहिल्या पाळीला निघालेला असतो आणि त्याने स्वतःच्या धक्क्याचं तिकीटही काढलेलं असतं.

दुसरा प्रकार टमटमचा. जन्माने रिक्षा, महत्त्वाकांक्षेने बस. पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस अर्ध्या बुडावर बसलेला, त्यामुळे स्टिअरिंग नेमकं कोण चालवतंय हा प्रश्न शेवटपर्यंत अनिर्णित. उतार लागला की ड्रायव्हर इंजिन बंद करतो आणि गाडी गुरुत्वाकर्षणावर सोडतो. न्यूटनच्या खर्चाने होणारा हा प्रवास शून्य उत्सर्जनाचा आहे. तिसऱ्या प्रकाराची नोंद परिवहन खात्यात नसल्यामुळे त्याबद्दल न लिहिलेलं बरं. फक्त इकोच्या डिकीत बसलेल्यांनी पाय आत घ्यावेत.

एसटीने नवं काही केलं नाही असंही नाही. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-नगर मार्गावर धावली. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ ला, त्याच मार्गावर विजेवरची 'शिवाई' निघाली, तेव्हा अनेक जुन्या कर्मचाऱ्यांचे डोळे पाणावले असतील. मग हिशेब मोठा झाला. ५,१५० विजेच्या बस भाड्याने घ्यायच्या ठरल्या. २०२५ चा मे उजाडला तेव्हा त्यातल्या २२० आल्या होत्या आणि परिवहन मंत्र्यांनी करारच रद्द करा म्हणून फर्मावलं. शंभरात चार. दरम्यान डिझेलच्या पाच हजार गाड्या एलएनजीवर न्यायचीही घोषणा झाली होती. आधी डिझेल, मग सीएनजी, मग वीज, मग एलएनजी, मध्येच कंसात हायब्रीड. ज्या वेगाने इंधन बदलतं त्या वेगाने गाड्या बदलल्या असत्या, तर बोईसर आगाराच्या आवारात पाय ठेवायला जागा उरली नसती.

विजेचा मुद्दा निघालाच आहे तर मुंबईकरांच्या जखमेवरची खपली काढायला हरकत नाही. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली. ती जुनाट म्हणून १९६४ च्या मार्चअखेरीस बंद केली, म्हणजे ज्या वर्षी हायब्रीड ज्वारी आली त्याच वर्षी. १९६२ मध्ये डोक्यावरच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबस आणली, ती १९७१ मध्ये मोडीत काढली. तोवर मुंबईजवळ तारापूरची अणुवीज आली होती. वीज आली आणि विजेची बस गेली. त्यानंतर अर्धं शतक डिझेलचा धूर खाल्ल्यावर आता विजेच्या बसचा नवा शोध लागतो आहे आणि त्याच्या उद्घाटनाला फीत कापली जाते.

वातावरणाच्या गणितात एक साधी बेरीज मात्र कुणी करत नाही. चाळीस माणसांनी भरलेली जुनी लालपरी चार टमटम, तीन इको आणि बारा मोटारसायकली रस्त्यावरून उचलते. ती डिझेलवर चालत असली तरी. सव्वासहाची बस सव्वासहाला आली, तर बोईसर-पालघरच्या रस्त्यावरचा बराचसा धूर कुठलंही नवं तंत्रज्ञान न आणता कमी होईल. पण वेळेवर आलेल्या बसचं उद्घाटन करता येत नाही. तिला हिरवा झेंडा दाखवायला कुणी येत नाही, कारण ती रोजच येणार असते. उद्घाटनाला बस नवी लागते, हिरव्या रंगाची लागते आणि शक्यतो एकच लागते.

पावणेसात वाजता स्टँडवर एक बाई चौकशीच्या खिडकीत वाकून विचारतात, "भाऊ, सव्वासहाची पालघर लागली का?" खिडकीच्या आतला माणूस रजिस्टरवरून नजर न उचलता सांगतो, "येतेय, मावशी. मागं ब्रेकडाऊन आहे." मावशी मागे वळतात. त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवर प्रदूषण टाळा, सार्वजनिक वाहतूक वापरा, असं हिरव्या अक्षरांत रंगवलेलं आहे. गेटबाहेर टमटमवाला त्यांच्याकडे पाहून दोन बोटं वर करतो. त्या आत चढल्यावर तो एक बोट खाली घेतो आणि पुढच्या माणसाकडे पाहून पुन्हा आरोळी देतो, "एक सीट, पालघर, एक सीट!"