कर्ता कुठे गेला, सर?

'टीकेचं प्रगत इंग्रजी' शिकवणारे सर यांस,


सातारा स्टँडपासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत आपल्यासारख्यांचे फलक झळकतात. ते वाचूनच आम्ही पुतण्याला आपल्या पायाशी आणून घातलं. मराठीत चारचौघांत तोंड न उघडणारं पोरगं आपण दोष काढण्यात तरबेज केलंत, तेही इंग्रजीत. हे उपकार कसे फेडावेत?

आपल्या झेरॉक्स नोट्स मी वाचल्या. डाव्या रकान्यात बिचारं 'बॅड', उजवीकडे त्याचे श्रीमंत पाहुणे: 'सबस्टँडर्ड', 'लॅकलस्टर', 'सबऑप्टिमल', 'अबिस्मल'. पहिला प्रयोग अर्थातच घरी झाला. आमटीचा भुरका घेऊन चिरंजीव म्हणाले, "लॅकलस्टर!" वहिनींना वाटलं, पोराला आवडली, त्यांनी आणखी दोन पळ्या वाढल्या.

दुसरा प्रयोग रस्त्यावर. घरापुढचं डांबर पहिल्याच पावसात उखडलं. ठेकेदार कोण, डांबर कुठे वाचलं आणि वाचलेल्या डांबराची गाडी कुठल्या रंगाची, हे पारावरच्या म्हाताऱ्यांनाही पाठ आहे. पुतण्याने अर्ज केला : "इट हॅज बीन ऑब्झर्व्ड दॅट द सरफेस क्वालिटी इज सबऑप्टिमल." कचेरीतून उत्तर आलं : "द कन्सर्न हॅज बीन ड्युली नोटेड. देअर इज स्कोप फॉर इम्प्रूव्हमेंट." चौकशी केली, तर उत्तर लिहिणारा आपल्याच मागच्या बॅचचा! काय ती गुरुपरंपरा! गुरुबंधूंनी एकमेकांची भाषा ओळखली, दोघंही खूश झाले. खड्डा तेवढा जागच्या जागी राहिला.

दोन्ही पत्रांत ठेकेदार शोधून दमलो, सर. दोष 'आढळला', चिंता 'नोंदली गेली'. रस्ता बहुधा रात्रीत स्वतःच स्वतःला उखडून बसला असावा. सरकारी मराठीनेही ही कला कमावली आहे. पण तिची फी लागत नाही.

इंग्रजीशी आमचं भांडण नाही. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. त्या विद्यार्थ्याने 1945 साली एका पुस्तकाला नाव दिलं : 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स'. कुणी केलं आणि कुणाला सोसावं लागलं, सगळं मुखपृष्ठावरच. आपल्या वर्गात आले असते, तर आपण लाल शाईने दुरुस्त केलं असतं : 'सर्टन शॉर्टकमिंग्ज हॅव बीन नोटिस्ड'.

कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकरही असेच अडाणी. 1888 साली 'सुधारक' काढून समाजाला तोंडावर सुनावत राहिले. पुण्याच्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. 'स्कोप फॉर इम्प्रूव्हमेंट' म्हणाले असते, तर शाल-श्रीफळ मिळालं असतं.

आता म्हणाल, सांगलीच्या खाडिलकरांनी तरी कुठे नाव घेतलं? खरं आहे. 1907 च्या 'कीचकवध'मध्ये माजी व्हाइसरॉय कर्झनचं नाव नाही. पण कीचक कोण, हे पिटातल्या प्रेक्षकाला पहिल्या अंकातच कळायचं. सरकारलाही कळलं आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. नाव न घेता नेम कसा धरावा, हे त्यांच्याकडून शिका. आपल्या शिष्याचा अर्ज वाचून तर स्वतः ठेकेदारही म्हणाला, "पोरगं छान लिहितं हां!"

फी परत नको. पुढच्या बॅचला एकच गृहपाठ द्या : ठेकेदाराच्या नावाने सुरू होणारं एक वाक्य. इंग्रजीत चालेल, स्पेलिंग चुकलं तरी चालेल. नमुन्यादाखल पहिलं वाक्य आपण फळ्यावर लिहा. अर्थात, आपला वर्ग त्याच ठेकेदाराच्या गाळ्यात भाड्याने चालतो, हे आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा आपली अडचण 'ड्युली नोटेड'.

आपला,
दोन हप्त्यांत फी भरलेला एक पालक