पान कितवं?

खारेगावातल्या भजीवाल्यानं आमच्या काकांना सहज सांगितलं, "उद्या पाणी नाही हां." काका पुडी हातात तशीच धरून सुरू झाले, "कोण म्हणालं? नोटीस आहे? तारीख काय नोटिशीवर?" भजी गार झाली. दुसऱ्या दिवशी पाणी खरंच आलं नाही. काकांच्या लेखी मात्र ती बातमी अजून ऐकीवच आहे.

जन्म गेला कारशेडमधली रजिस्टरं सांभाळण्यात. आता निवृत्त झाल्यावर अख्खं जग त्यांना नोंद न केलेलं वाटतं. लग्नपत्रिका हातात ठेवली की, "मुहूर्त बारा बावन्नचा? पंचांग कुठलं? पान कितवं?" डॉक्टरनं मीठ कमी करा म्हटलं, तर त्यालाही "पान कितवं?" काकू सांगतात, आमच्या लग्नात उखाणा घेतला तेव्हाही यांनी हळूच विचारलं होतं.

अशा माणसाच्या तावडीत माझी भाची सापडली. कॉलेजचा प्रोजेक्ट होता, 'कळव्याचा इतिहास'. पोरीनं एका संध्याकाळीत मोबाइलवरून सगळं उतरवलं आणि कौतुकानं काकांना दाखवायला नेलं. पहिलंच वाक्य होतं : 'देशातली पहिली रेल्वे कळव्यावरून धावली.'

"ठाण्याला थांबली ती!" काका असे कडाडले की खालचा वॉचमन वर आला. "१६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे. खाडी ओलांडून कल्याणला गेली १८५४ साली. आणि हा पारसिकचा बोगदा पहिल्या गाडीसाठी खोदला म्हणतेस? तो १९१६चा! तोवर गाडी डोंगराला वळसा घालून जायची. कुठून आणलंस हे? पान कितवं?"

"काका, त्याला पान नसतं. स्क्रोल करायचं."

त्या रात्री काका जेवले नाहीत म्हणे. (हेही ऐकीवच.)

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन निघाले ते थेट ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात. संस्था १८९३ची, हे त्यांनी जिन्यातच तिला ऐकवलं. मग गॅझेटिअर. १८८२चं, ठाणे जिल्ह्याचं, तेरावा आणि चौदावा खंड. "कळवा नाही सापडला तर पारसिक बघ. पारसिक नाही तर खाडी बघ. साहेबानं गावाचं नाव कसं लिहिलं असेल, त्याचा नेम नाही. आणि एका पुस्तकावर विसंबायचं नाही, दुसरं काय म्हणतं तेही बघायचं." झेरॉक्सच्या रांगेत स्वतः उभे राहिले, सुट्टे पैसेही स्वतःच दिले. आणि प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीनं पुस्तक, वर्ष, पान. एवढं कोण करतं हो दुसऱ्याच्या पोरीसाठी? आमच्याच्यानं तर झालं नाही.

परतताना खाडीपुलावर रिक्षा अडकली. भाचीनं उगाच विचारलं, "तुमच्या लहानपणी इथं काय होतं?" काका बोलत सुटले. खारलँडातली भातशेती, बांधावर चिंबोऱ्या पकडणारी पोरं, भरतीचं पाणी शेतात शिरलं की आईची होणारी धावपळ. तिनं ते सगळं लिहून घेतलं, खाली 'मुलाखत' म्हणून तारीख-वेळ टाकली. बोलून झाल्यावर काका ओशाळल्यासारखे म्हणाले, "याला पुरावा नाही गं काही. हवं तर काढून टाक."

तिनं ठेवलं. कॉलेजातल्या सरांनी काढलं. शेरा होता : 'लिंक द्यावी.'

कळव्यावरून धावलेली पहिली रेल्वे मात्र वर्गातल्या दुसऱ्या एका प्रोजेक्टमधून नोटीसबोर्डावर पोचली, रंगीत चित्रासकट. काकांनी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून कॉलेजकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. तीस दिवस भरायचेत अजून. तोवर पुढच्या वर्षीची पोरं त्या बोर्डाचे फोटो काढून नेतायत, प्रोजेक्टला उपयोगी पडतील म्हणून.