बेसमेंटमध्ये एम.जी. : जीर्णोद्धाराची शास्त्रशुद्ध पद्धत

मनःशांती, बँकेतली शिल्लक आणि शेजाऱ्यांचा स्नेह या तिन्ही गोष्टींचा ज्यांना एकदम कंटाळा आला आहे, अशा गृहस्थांसाठी हे मार्गदर्शन आहे. बाकीच्यांनी बागकाम करावं.

जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घरच्या घरी दुरुस्त करण्याची कल्पना ज्या देशात निघाली, तिथे घराला लागून गॅरेज असतं. बंगळुरूच्या हेब्बाळमध्ये घर चौदाव्या मजल्यावर असतं आणि गॅरेज म्हणजे बेसमेंटमध्ये रंगवलेली एक पिवळी चौकट. तिच्या एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला कोणाची तरी पांढरी एसयूव्ही आणि वरून सांडपाण्याचा पाइप. असोसिएशनची परवानगी मागू नये. परवानगी मागितली की मीटिंग होते. गाडी रविवारी दुपारी, सेक्रेटरी झोपलेले असताना आणावी आणि तिच्यावर ताडपत्री टाकावी. वॉचमनने विचारलं तर ‘स्वल्प अड्जस्ट माडी’ एवढंच म्हणावं. या शहराचा कारभार त्याच तीन शब्दांवर चालतो.

गाडी कोणती, याबद्दल दुमत नको. एम.जी. टी.सी. घ्यावी. 1945 ते 1949 या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात अशा सुमारे दहा हजार गाड्या बनल्या, त्याही सगळ्या उजव्या स्टेअरिंगच्या, त्यामुळे तेवढा एक खर्च वाचतो. इंजिन 1250 सी.सी.चं, ताकद 54 अश्वशक्तीची. हे आकडे ऐकून नाक मुरडू नये. संध्याकाळी साडेसहाला हेब्बाळ फ्लायओव्हरवर ही गाडी अडीचशे अश्वशक्तीच्या जर्मन गाडीइतक्याच वेगाने, म्हणजे अजिबात न हलता, तासभर उभी राहू शकते. फरक एवढाच की जर्मन गाडीत एसी चालू असतो आणि इथे रेडिएटरचं पाणी उकळत असतं.

शेजारी हेक्टरवाला असणारच. तो म्हणेल, “अहो, आमचीही एम.जी.च!” त्याला हसून होकार द्यावा. मॉरिस गॅरेजेसचं नाव आता चीनच्या साइक कंपनीकडे आहे, हे त्याला सांगण्यात अर्थ नाही. पुढे कधी तरी रात्री दहाला जम्पर केबल त्याच्याकडेच मागावी लागते.

खरेदीआधी कागद पाहावेत. हेब्बाळला किट्टय्याचा शिलालेख सापडला, तो इसवी सन 750च्या सुमाराचा आहे आणि अजून वाचता येतो. 1948चं आर.सी. बुक मात्र तीन पिढ्या ट्रंकेत राहून कसरीने संपादित केलेलं असतं. मैसूर राज्याच्या काळातला एम.वाय.चा नंबर शाबूत असेल तर गाडी चार चाकांऐवजी तीन चाकांवर उभी असली तरी घ्यावी. चाक मिळतं.

आता उघडायला घ्यायची. इथे बहुतेक साधक पहिल्याच बोल्टपाशी अडतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. घरातला मेट्रिक पाना या बोल्टला बसत नाही. म्हणून तुम्ही व्हिटवर्थचा पाना मिळवता, बोल्ट सुटतो, आणि हातात घेऊन पाहिलं तर आटे मेट्रिक! हा चावटपणा नाही, इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच शस्त्रास्त्र कंपनीने कोव्हेंट्रीत कारखाना काढला. पुढे तिथे मॉरिससाठी इंजिनं बनू लागली आणि 1923मध्ये मॉरिसने कारखानाच विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, म्हणून आटे मिलिमीटरचे. गिऱ्हाइकाच्या पेटीतले पाने इंग्लिश, म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थची. दोन राष्ट्रांमधला हा तह टी.सी.च्या इंजिनात अजून पाळला जातो. बाकीच्या गाडीत आटेसुद्धा इंग्लिश आहेत. तेव्हा काढलेला प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावून वेगळ्या डबीत ठेवावा. श्रीखंडाचे रिकामे डबे या कामाला उत्तम.

सुट्या भागांसाठी जे.सी. रोड आणि शिवाजीनगरची गुजरी अशा दोन वाऱ्या कराव्या लागतात. (हे शिवाजीनगर बंगळुरूचं. पुणेकराने भावूक होऊन नाना पेठेचे भाव सांगू नयेत.) दुकानदाराला टी.सी. म्हणजे रेल्वेतला वाटतो, म्हणून ‘मॉरिस’ म्हणावं. ते खोटंही नाही. हिंदुस्थान मोटर्सने अ‍ॅम्बॅसडरच्या आधी मॉरिस टेन ही गाडी ‘हिंदुस्थान 10’ नावाने जोडली होती आणि टी.सी.चं इंजिन त्याच टेनच्या इंजिनाचा वाढवलेला अवतार आहे. तरीही दुकानदार अ‍ॅम्बॅसडरचाच भाग काढून देईल आणि “बसेल सार” म्हणेल. तो बसत नाही.

पत्र्याचा गंज सगळ्यांना दिसतो, पण खरा घात आत असतो. या गाडीच्या बॉडीचा सांगाडा लाकडी आहे, अ‍ॅश नावाच्या विलायती झाडाचा. त्याला बंगळुरूचा पाऊस आणि वाळवी लागली की गाडी जागेवरच राहते आणि दरवाजा हातात येतो. दरवाजे मागच्या बिजागरीवर पुढून उघडणारे असल्याने हा प्रसंग विशेष उठून दिसतो. अ‍ॅश मिळत नाही म्हणून लोक सागवान वापरतात. शुद्धतावादी नाराज होतात, पण सागवानाला वाळवी सहसा शिवत नाही आणि शुद्धतावादी चौकशीलाही येत नाहीत. सुताराला मात्र ‘गाडी’ म्हणू नये, ‘कपाट’ म्हणावं. गाडी म्हटलं की तो पळतो. कपाट म्हटलं की माप घेतो, आणि आत सनमायका लावू का, एवढंच विचारतो. नको म्हणावं.

वायरिंगवाल्याकडे पाठ फिरवू नये. बॅटरीची मायनस बॉडीला जोडायची, हे त्याच्या हाताला पाठ असतं. टी.सी.ची प्लस बॉडीला जाते. त्याने सवयीने उलटं जोडलं आणि तुम्ही हौसेने मोबाइल चार्जर बसवला, की पुढचा वास ओळखीचा असतो.

दोन एस.यू. कार्बोरेटर एका सुरात लावणं हे कानाचं काम आहे. रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींचा सुसकारा सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर, हवा विरळ, म्हणून मुंबईत नीट चालणारी गाडी इथे थोडं जास्त पेट्रोल पिते. तेही आता वीस टक्के इथेनॉलचं, जे जुन्या रबराला पचत नाही. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलाव्यात. हे वाक्य गमतीत लिहिलेलं नाही. आणि कानात नळी घालून बोनेटवर वाकलेलं आपल्याला लिफ्टकडे जाणारे लोक पाहतात, याची तयारी ठेवावी.

इंजिन सुरू झालं की दुसऱ्या दिवशी फरशीवर तेलाचा डाग आणि सूचनाफलकावर नोटीस लागते. उत्तर तांत्रिक भाषेत द्यावं. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला इथे रबरी सील नाही, मळसूत्री खाचा आहेत. शाफ्ट फिरताना त्या तेल आत ढकलतात. इंजिन थांबलं की खाचांची ड्यूटी संपते. अर्थात गळती हा दोष नसून आराखडा आहे. सेक्रेटरींना हे पटत नाही, पण पत्र लांब असलं तर उत्तराला महिना लागतो. तोवर खाली पत्र्याचा ट्रे ठेवावा.

सहधर्मचारिणीची संमती सर्वांत शेवटी घ्यावी, आणि ती आपोआप मिळते. टी.सी.त चालवणाऱ्यासमोर इंजिनाचे फेरे दाखवणारं घड्याळ असतं. स्पीडोमीटर असतो शेजारच्या सीटसमोर. आपण किती वेगाने जातोय हे बायकोने सांगायचं, ही सोय आपल्याकडे सगळ्याच गाड्यांत आहे. अ‍ॅबिंग्डनने ती फक्त डॅशबोर्डवर आणली. पेट्रोलचा काटा मात्र दोघांनाही नाही. टाकी रिकामी होत आली की एक दिवा लागतो, तो लागला तर.

राहिला कायदा. 15 जुलै 2021च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. ही गाडी रोज वापरायला मनाई आहे. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. घाबरू नये. टी.सी. घेऊन बाहेर पडलेला माणूस या पाचांपैकी शेवटच्या दोन कामांवरच असतो, त्यामुळे नियमभंग करायला सवड उरत नाही.

एक विनंती : हेब्बाळ, केंपापुरा, सहकारनगर या भागात कोणाच्या माळ्यावर आजोबांची व्हिटवर्थ पान्यांची पेटी असेल, तर ती भंगारात घालू नये. बेसमेंटमध्ये आणून द्यावी. चहा मिळेल, फक्त तेलाच्या ट्रेवर पाय देऊ नये.