उत्तर बरोबर, निकाल चूक

अपेक्षित आउटपुट : 1 2 3 4 5
तुमचं आउटपुट : 1 2 3 4 5
निकाल : चूक

पुण्यात धायरी फाट्यापासून रायकर मळ्यापर्यंत कॉट बेसिसवर राहणाऱ्या आणि हप्त्यावर घेतलेला ऑनलाइन कोडिंग कोर्स रेटणाऱ्या कुठल्याही पोराला या तीन ओळी दाखवा. हसणार नाही तो. मेसचा डबा येईपर्यंत त्याने त्या इतक्या वेळा पाहिलेल्या असतात की शेवटी स्वतःच्या पाढ्यांवरचाच विश्वास उडतो.

आमच्या वरच्या मजल्यावरचा पोरगा चिकट निघाला. त्याने अपेक्षित उत्तराची ओळ माउसने निवडली, तर निळी पट्टी 5 च्या पुढे जरा सरकली. तिथे एक स्पेस होती. प्रश्न काढणाऱ्या गुरुजींच्या लूपने प्रत्येक आकड्यामागे स्पेस छापलेली, शेवटच्याही. मशीन बिचारं अक्षराला अक्षर लावून बघतं, त्याचा काय दोष! पायथनमध्ये तुलनेआधी ‘स्ट्रिप’ हा एक शब्द टाकला की कडेच्या रिकाम्या जागा झडतात. एका शब्दाचं काम.

पोरगा संस्कारी. त्याने रीतसर तक्रारीचं तिकीट काढलं आणि पुरावा म्हणून दोन्ही ओळी त्यात पेस्ट केल्या. उत्तर आलं : ‘दोन्ही ओळी सारख्याच दिसत आहेत. कृपया तुमचा कोड तपासा. कॅशे क्लिअर करा. इन्कॉग्निटोमध्ये उघडून पाहा.’ तिकीट ‘सोडवले’ म्हणून बंद. वर विचारणा, आमची सेवा कशी वाटली, किती तारे द्याल?

दोन्ही ओळी सारख्या दिसणारच. तक्रारीचा फॉर्म शेवटच्या स्पेस आपणहून कापतो! म्हणजे ‘स्ट्रिप’ या कोर्सवाल्यांच्या घरात आहे. फक्त ते टेस्ट केसला लावत नाहीत, तक्रारीला लावतात.

पुरावा कसा जपतात, ते बघा. 9 सप्टेंबर 1947 रोजी अमेरिकेत मार्क टू नावाच्या संगणकाच्या रिलेत पतंग, म्हणजे तो उडणारा किडा, सापडला. तिथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि खाली नोंद केली. पुरावा आजही जपलेला आहे. नशीब, तेव्हा हा फॉर्म नव्हता. त्याने पतंग ‘अनावश्यक’ म्हणून खुडला असता, कोरं पान पुढे पाठवलं असतं आणि पलीकडून निरोप आला असता : पानावर काही दिसत नाही, कृपया वही बंद करून पुन्हा उघडा.

आता पोरांनी आपला तोडगा काढलाय. 5 लिहायचा, स्पेस दाबायची, हिरवी टिक घ्यायची. सीनियर ज्युनिअरला सांगतो, ज्युनिअर रूम पार्टनरला. का दाबायची, हे विचारायचं नसतं. धारेश्वराच्या देवळात गेल्यावर आधी घंटा वाजवतात तसं. उद्या हीच पोरं नोकरीला लागतील, इमानाने प्रत्येक ओळीपुढे स्पेस सोडतील, त्यांच्या सॉफ्टवेअरवर आपलं लाइट बिल निघेल, त्यात आपल्या नावापुढे स्पेस येईल, मग नाव जुळत नाही म्हणून आपल्याला खिडकीवर उभं करतील, आणि आपण आधार कार्ड पुढे करून ‘अहो, सारखंच आहे की हो’ असं ओरडत राहू. खिडकीतला माणूसही आपल्याला कॅशे क्लिअर करायला सांगेल. आणि हे सगळं कोर्सवाल्यांना जमत नाही म्हणून होतंय, असं समजू नका. फी भरायच्या पानावर कूपन कोडपुढे, कार्डाच्या नंबरपुढे चुकून स्पेस पडू द्या; क्षणात पुसून घेतात, पैसे वळते, वर फुगे उडतात! तिथे कुणी कुणाला दुसरा ब्राउझर वापरायला सांगत नाही. गावाकडे बाप कांद्याचा भाव बघून हप्ता भरतो, आणि इथे त्याच्या पोराला रोज सांगितलं जातं की तुझं बरोबर उत्तर चूक आहे. निर्लज्जपणा आहे हा, दुसरा शब्द नाही.

तर पालकहो, पोरगा ‘माझं बरोबर आहे’ म्हणाला की त्याच्यावर डाफरण्याआधी ती ओळ माउसने निवडून बघा. निळी पट्टी आकड्याच्या पुढे गेली, तर तिकीट पुन्हा उघडायला लावा. या खेपेला ओळ पेस्ट करू नका, त्या निळ्या पट्टीसकट स्क्रीनशॉट जोडा. आणि तारे देऊ नका.