वईपलीकडचा हिशेब

"झालं हो बाई वर्ष पोराच्या फोटोच्या दुकानाला, पाडव्याला. दुकान म्हणजे काय, आमची पडवीच. एका भिंतीला निळा पडदा, दुसरीला पांढरा, मधे कॉम्प्युटर. वालाच्या शेंगा सोलायला बसायची सोय राहिली नाही. बघावं तेव्हा कुणीतरी पासपोर्ट फोटोसाठी डोकं ओलं करून विंचरत उभं."

पलीकडच्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. पण चौकशीतून नाही. वईवर हात टेकून म्हणाल्या, "ते राहू दे. मिळालं का काही पोराला?"

"सांगते. सुरुवातीला त्याचं गणित असं, की महाडहून रायगडावर जाणारा रस्ता आपल्या नाते गावातून, म्हणजे गिऱ्हाईक दारातच. सहा जूनला राज्याभिषेकाला केवढी माणसं लोटली! पण बाई, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. फोटो कोण काढून घेतो? दुकानात शिरले ते विचारायला, 'दादा, जरा चार्जिंगला लावू का?'"

"आणि ते लग्नाआधीचं? झगे घालून फिरतात ते?"

"प्री-वेडिंग. सगळ्यांना रायगडच हवा. गड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा. घरगुती फोटोला कुणी अडवत नाही, पण धंद्याचं शूटिंग म्हटलं की परवानगी आली, ड्रोनचं तर बोलूच नका. आणि मला विचाराल तर महाराजांच्या समाधीपुढे 'हां, आता तिला उचला' हे बरंही दिसत नाही. तो लोकांना खालीच थांबवतो. लावणी झालेल्या खाचराच्या बांधावर उभं करतो. तेवढी हिरवळ फिल्मसिटीत मागितली तर भाडं पडेल."

"मग पैसे आले कुठून?"

"चाकरमान्यांकडून! या धंद्याचं गिऱ्हाईक गावात राहतच नाही बाई, ते मुंबईहून येतं. गौरी-गणपतीत, शिमग्याला पालखी दारात यायची तेव्हा, नाहीतर मेमधल्या लग्नांना. मधल्या दिवसांत सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर दिवस ढकलायचे. गणपतीत मात्र जेवायला सवड नाही. 'सगळे आहोत तर एक काढून घेऊ.' म्हातारी मधे खुर्चीत, मुलगे मागे, सुना बाजूला, आणि एक जावई कायम शेवटी पळत येणारा. त्याच्या प्रती जातात डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला. एक इथे भिंतीवर, घराला कुलूप."

बाई गप्प झाल्या. त्यांचाही मुलगा डोंबिवलीचा.

मीच पुढे ओढलं. "त्याच फोटोतून पुढे हाराचा फोटो करायचा असतो. मागे एकीचा फोन, 'आईचा तेवढा चेहरा कापून मोठा करा, पण ती हसतेय, तोंड मिटवून द्या.' पोरगा म्हणाला, हसू दे की. नाही म्हणाली, तेराव्याला पाहुणे काय म्हणतील! आणि महाडचे लोक तर 2021 च्या पुरात भिजलेले अल्बम अजून आणतात. पानाला पान चिकटलेलं. सोडवायला गेलं तर चेहरा निघून हातात येतो. मग चिकटलेल्या पानाचाच फोटो काढायचा आणि उरलेलं कॉम्प्युटरवर भरायचं. अशा कामाचे पैसे मागायला त्याला जड जातं. मला नाही जात."

"अगं, चाकरमान्यांचं म्हणालीस, तर आपल्याकडे सिनेमाच्या सुरुवातीलाच परत येणारा माणूस आहे." बाईंमधली शाळा जागी झाली. "सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबईत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. 1896 च्या जुलैत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं बघितली आणि विलायतेहून कॅमेरा मागवला. 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. 1901 मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांच्या स्वागताचं शूटिंग केलं. म्हणजे चाकरमानी घरी आला, काढ फोटो!"

"रँग्लरांनी पैसे वेळेवर दिले का?"

"ते कुठे लिहिलेलं नाही."

"बघा! उधारी इतिहासात येत नाही. ज्या गावचे देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, नोटांवर सही करू लागले, त्या गावात माझ्या पोराला ॲडव्हान्स मागावा लागतो."

"चिंतामणराव जन्मले इथेच, 14 जानेवारी 1896 ला. तो हलत्या चित्रांचा खेळही त्याच सालचा." बाईंनी दोन्हींची गाठ मारून टाकली. मी मान हलवली. साल लक्षात ठेवणाऱ्यांशी वाद घालू नये.

"लग्नाचं सांगू? आधी म्हणतात सिनेमॅटिक पाहिजे, कँडिड पाहिजे, टीझर पाहिजे. मिक्सिंग करून पेन ड्राइव्ह दिला की मामा म्हणतो, 'आमचा आहेर दिसलाच नाही.' म्हणून आता तो दोन प्रकारचं करतो. तीन मिनिटांचं नवराबायकोला, मोबाइलवर फिरवायला. आणि अख्खं लांबलचक, ज्यात प्रत्येक काकूची साडी आहे, ते मामांना. पैसे दुसऱ्यावर निघतात. रात्र रात्र बसतो मिक्सिंगला. मी आपली दोनला उठून चहा टाकते."

"सरस्वतीबाई फाळके काय करत होत्या?" बाई पुन्हा फळ्यापुढे. "दादासाहेबांचा गोध्र्याचा फोटोचा धंदा मोडलेला, प्लेगात पहिलं कुटुंब गेलेलं. पुढे 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी या दुसऱ्या बाईंनी दागिने दिले, अख्ख्या मंडळींचा स्वयंपाक केला, वर रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडली. फिल्म बिनभोकांची यायची तेव्हा. आणि 1913 पासून नाव कुणाचं चाललंय?"

"माझंही चालायचं नाही. पाटीवर त्याने स्वतःचं घातलंय. वीजबिल मात्र माझ्या नावावर."

"बरं ऐक. मेमध्ये आमचा येतोय, सून-नातवंडांसकट. चार दिवस. आमचाही एक काढायला सांग त्याला."

"सांगते की. तुमच्याकडून घेणार नाही म्हणाला, तुम्ही त्याला शिकवलंय."

"वेडा आहे. घ्यायला सांग."

"मोठा करून फ्रेम पाहिजे का तेवढं ठरवा. फ्रेमची काच महाडहून आणावी लागते, तिचे मात्र आधीच द्या. आणि बाई, सुनेला सांगा, निळी साडी नको. पडदा निळाच आहे, तिचं नुसतं डोकं येईल."